साठ फुटांचा रोम

सोमवार, ११ ऑगस्ट १९५८

डॉक्टरांनी आज माझं तोंड बंद केलं. आधी उघडायला लावलं, आरसा घातला, दिवा पाडला, आणि मग बंद केलं. स्वरतंतूंवर गाठी आहेत म्हणे. वर्गात ओरडून ओरडून पडलेले घट्टे. दोन महिने पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. "मनात साचलं की लिहून काढा," म्हणाले, "नाहीतर तुमच्यासारखा मास्तर फुटायचा."

म्हणून ही वही. वहीच्या पहिल्या पानावर नाव घालायची शिस्त मीच मुलांना लावतो, तेव्हा: गुंडूराव, वय त्रेपन्न, इतिहास शिक्षक, समाजाची मराठी शाळा, चामराजपेट, बेंगळूर. नोकरी एकोणतीस वर्षं. आवाज रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचणारा. मी 'कार्थेज' म्हटलं की वळचणीची कबुतरं उडतात, हे हेडमास्तरांनीही मान्य केलेलं आहे.

घरी आल्यावर कागदावर लिहून तुंगाला दाखवलं. ती म्हणाली, "अय्यो, दोन महिने? मग घरात बोलणार कोण?" मुलगी लग्न होऊन हुबळीला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. प्रश्न रास्त होता.

मंगळवार, १२ ऑगस्ट

कागद किती फाडणार, म्हणून तुंगा बाजारातून पाटी घेऊन आली. पाटी आणायला एक तास! दोन पाट्या परत ठेवल्या म्हणे. टिचकी मारून पाहिल्या, नाद बरोबर येईना. पाटीला नाद कसला बघायचा? ती काय मृदंग आहे? तांबड्या चौकटीची आहे. पेन्सील छान उठते, हे मात्र कबूल करायला हवं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आठवीत चौतीस मुलं. फळ्यावर लिहून शिकवू म्हटलं. पाठ वळली की मागे बाजार भरतो, आणि मी वळेपर्यंत बाजार उठलेला असतो. छडी आपटली तर हसू दाबल्याचे आवाज आले. आवाजाविना छडी म्हणजे नुसतं लाकूड, हे आज कळलं.

हेडमास्तर शामसुंदरराव म्हणाले, "दोन महिने वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ या का?" मी पाटीवर लिहिलं: नाही. खाली दोन रेघा ओढल्या. पुढचा धडा रोमचा आहे. वर्षभर मी त्या धड्यासाठी जगतो. रोमन सैन्य कार्थेज शहर जाळतं तेव्हा दरवर्षी पहिल्या बाकावर एक तरी मूल रडतं. ते मी दुसऱ्याला देऊ?

उद्या झेंडावंदन. अकरा वर्षांत पहिल्यांदाच माझं भाषण नाही. मुलं फार दुःखी दिसत नाहीत.

बुधवार, २० ऑगस्ट

धड्यात एक ओळ आहे: 'रोमन मुले मेणाच्या पाट्यांवर लिहीत.' ही ओळ मी आजवर चार सेकंदांत ओलांडत आलो, कारण पुढे लढाया असतात. काल माझी पाटी मांडीवर घेऊन बसलो असताना वाटलं, बोलता येत नाही तर निदान ही ओळ करून दाखवावी.

शिवाजीनगरच्या बाजारातून मेण आणलं, चहाच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. शिपाई ज्योतिबाने फळ्या कापून दिल्या, मधे खळगे पाडून दिले. मुलांनी मेण वितळवून ओतलं. लिहायला खिळे. एक टोक टोकदार लिहायला, दुसरं ठोकून चपटं केलेलं, खोडायला. चौतीस मुलं पाऊण तास मान वर न करता लिहीत होती. वर्गात एवढी शांतता मी ओरडूनही कधी आणली नव्हती. हा योगायोग असावा.

गुरुवार, २८ ऑगस्ट

गृहपाठ तपासायला घेतला तर वीस पाट्या गुळगुळीत. "मास्तर, उन्हात राहिल्या, वितळलं सगळं." वीसच्या वीस! हे वर्गाचा पुढारी असलेल्या चंद्रकांतचं काम. दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या एखाद्या कार्ट्याने हीच सबब सांगितली असणार, हे एकदम ध्यानात आलं, आणि रागवायला उघडलेलं तोंड हसायला लागलं. बिनआवाजाचं हसू. मुलं आधी घाबरली, मग तीही हसली.

मंगळवार, २ सप्टेंबर

घरात एक गंमत होते आहे. तुंगा बोलते. म्हणजे पूर्वीही बोलायची, पण 'भात वाढू का', 'छत्री घ्या' एवढंच. आता मी उत्तर देत नाही म्हटल्यावर ती स्वतःशी बोलल्यासारखी बोलत राहते. आज संध्याकाळी भाजी निवडताना गोकाकजवळच्या तिच्या गावच्या शाळेची गोष्ट निघाली. देवळाच्या ओवरीत शाळा. गणितात ती पहिली. पावकी, निमकी सगळ्यांनाच यायची, पण औटकी, साडेतीनचा पाढा, शंभरपर्यंत न अडखळता फक्त तिला यायची. "तुम्हाला येते काय हो औटकी?" मी मान हलवली. येत नाही. ती हसली आणि दूध बघायला उठली.

इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. तिने कधी सांगितलं नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

रोममध्ये राजा नव्हता, दोन कॉन्सल होते. दोघांना सारखा अधिकार, आणि एकाने 'मनाई' म्हटलं की दुसऱ्याचा हुकूम रद्द. समजावून सांगायला अर्धा तास लागला असता. मी फळ्यावर लिहिलं: दोन कॉन्सल निवडा, वर्ग ते चालवतील. मतदान चिंचोक्यांनी झालं. चंद्रकांत निवडून आला, कारण तो दांडगा. आणि वसुमती, कारण ती कुणालाच घाबरत नाही.

चंद्रकांत म्हणाला, "आज खेळ." वसुमती म्हणाली, "मनाई." ती म्हणाली, "मग नकाशा काढा." तो म्हणाला, "मनाई." वीस मिनिटं वर्ग ठप्प. शेवटी दोघं कोपऱ्यात जाऊन कन्नडमध्ये भांडले आणि नकाशाचाच खेळ ठरवून आले. रोमचं सरकार कसं चालत असेल, हे मलाही आजच नीट कळलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

शाळेतून आलो तर पाटीवर आकडेमोड. सात साते, मग साडेतीनाने काही तरी, स्वच्छ वळणदार आकडे. शेजारची पोर येऊन खेळून गेली असणार. पुसून टाकली.

तुंगाची गोष्ट पुढे गेली. गावचे मास्तर एक दिवस तिच्या वडिलांकडे आले आणि म्हणाले, मुलीला बेळगावला परीक्षेला बसवा, हिला शिष्यवृत्ती मिळेल. वडील काय म्हणाले, ते सांगायच्या आत दारावर भाजीवाली आली. मग राहिलंच. ती गोष्ट फार फाटे फोडून सांगते.

शनिवार, ११ ऑक्टोबर

वाईट दिवस. डॉक्टर म्हणाले, गाठी लहान झाल्यात पण गेल्या नाहीत. पुन्हा दोन महिने. पंधरा डिसेंबरला या. मधे एकदा जरी जोर केलात तर आवाज कायमचा जाईल.

तसाच शाळेत गेलो. शामसुंदरराव भला माणूस आहे, पण त्यालाही वर कमिटी आहे. म्हणाला, "पाच डिसेंबरला इन्स्पेक्टरसाहेबांची तपासणी. ते तासाला बसतात. न बोलणारा मास्तर त्यांना कसा चालेल? त्यांचा शेरा बरा आला तर ठीक. नाहीतर जानेवारीपासून वर्ग नव्या माणसाकडे, तुम्ही ऑफिसात पुस्तकांची कपाटं सांभाळा."

कपाटं. घरी येऊन नुसता बसून राहिलो. भीती वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय? वर्गाशिवाय मी म्हणजे कोण, हे मला सांगता येत नाही.

तुंगाला काही सांगितलं नव्हतं. ती आपली गोष्ट घेऊन बसली. वडील त्या मास्तरांना असं म्हणाले, आई तसं म्हणाली, तेव्हा परसात फणसाला किती फणस होते, "आणि मी स्वल्प वेळ उभी राहिले, मग पाटी घेतली आणि..." माझं डोकं उठलं. तिच्यासमोर पाटी ओढून मोठ्या अक्षरांत लिहिलं: मुद्द्यावर ये.

तिने वाचलं. "सरी, बरं," म्हणाली आणि आत गेली.

सोमवार, २० ऑक्टोबर

दसऱ्याची सुट्टी. घरात शांतता आहे. 'भात वाढू का', 'छत्री घ्या'. आता विचार करायला निवांतपणा मिळतो. खरं म्हणजे बरं वाटायला हवं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

बेत ठरला! रोमन लोकांनी डोंगरातून शहरात पाणी आणलं, नुसत्या उतारावर, कमानींवरून पन्हळ नेऊन. आपण शाळेच्या मागच्या विहिरीपासून मुलांच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पन्हळ बांधायची. अंतर साठ फूट. मधे चार फूट रुंदीचा चर आडवा जातो, त्यावर विटांची कमान. इन्स्पेक्टर साडेदहाला येणार. आल्या आल्या पाणी सोडून दाखवायचं, ते खूश होतील आणि दुसऱ्या शाळेकडे निघतील. तासाला बसायचा प्रश्नच उरणार नाही. हे शेवटचं वाक्य फक्त या वहीसाठी.

संस्कृतचे भीमाचार्य म्हणाले, "चरावर एक फळी टाकून पन्हळ नेली तर?" पाणी जाईल, पण मग त्यात रोम कुठे राहिला?

नळीची जुनी कौलं शाळेच्या माळ्यावर पडूनच होती. उलटी ठेवली की झाली पन्हळ. ज्योतिबा उगाचच फार उत्साहात आहे. दिवसाला चाळीस कळश्या विहिरीवरून टाकीत तोच नेऊन ओततो. पाय थोडा ओढत चालतो. अकरा वर्षं आहे शाळेत.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

उतार किती धरायचा आणि कमानीला विटा किती, यावर घोडं अडलं होतं. गणित माझा प्रांत नाही. घरी पाटीवर मांडून तसाच चहाला उठलो. आल्यावर पाहतो तर कोपऱ्यात उत्तर: दर दहा फुटांना अर्धा इंच, साठ फुटांना तीन; विटा पंचवीस. मीच मांडलं असणार. हल्ली डोकं ठिकाणावर नसतं. आकडे मात्र माझ्यापेक्षा बरे आले आहेत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

कमान पडली. पुस्तकातलं चित्र फळ्यावर बरोबर काढलं होतं. दोन्ही बाजूंनी विटा चढवत आणायच्या, माथ्याला शेवटची वीट. मुलांनी हातांनी धरून ठेवल्या, आणि सातव्या विटेला सगळं चरात. चंद्रकांतच्या अंगठ्यावर वीट पडली. नशीब, अंगठ्यावरच निभावलं. मी हातपाय गाळून दगडावर बसलो. महिना उरला नाही आणि हातात विटांचा ढीग.

ज्योतिबा जवळ आला. हा तीन दिवस काही तरी बोलायला येत होता आणि मी हात हलवून त्याला कामाला पाठवत होतो. आज हलवायला हातही उठेना.

"मास्तर, जरा ऐकतासा काय?" म्हणाला. "खाली साचा न्हाई. साच्याबिगर कमान हुभी ऱ्हात न्हाई. आधी लाकडाची कमान करायची, तिच्यावर विटांची. चुना मुरला की लाकडाची काढून घ्यायची."

तुला कसं ठाऊक, असं मी पाटीवर लिहिलं. त्याला वाचता येत नाही. वसुमतीने वाचून दाखवलं.

"माझा बा गवंडी. कालव्याच्या मोऱ्या बांधल्यात आम्ही बापलेकांनी. तितंच पायावर धोंडा पडला, म्हणून तर शाळंत घंटा बडवतोय की."

पुस्तकात उभी कमान होती. ती उभी होईपर्यंत खाली काय असतं, ते चित्रात नव्हतं. अकरा वर्षं मी या माणसाला 'ए शिपाई' म्हणून हाक मारतो आणि त्याच्या घंटेवर माझं घड्याळ लावतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आता कमानीचं खरं काम ज्योतिबाकडे. मुलं त्याच्याभोवती बसतात, मी मागे. तो म्हणाला, "पंचवीस न्हाईत, चुन्याच्या सांध्याला धरून तेवीस विटा बसतील." वसुमतीने सांध्याची जाडी मोजून हिशेब केला. तेवीसच आले. विटा पाचरीसारख्या घासायला तीन दिवस गेले. आई-बापांच्या तक्रारी आल्या की पोरांच्या हातांना चुना आहे. हेडमास्तरांनी त्या ऐकून घेतल्या.

शनिवारी माथ्याची वीट बसवणार. मग वीस दिवस चुना मुरू द्यायचा आणि इन्स्पेक्टरांसमोर साचा काढायचा.

गुरुवार, २० नोव्हेंबर

भीमाचार्य पंचांग घेऊन आले. "गुंडूराव, साचा काढायची वेळ पाहून देऊ का?" त्यांना न विचारता आमच्या शाळेत साधी शाईची बाटलीही उघडत नाहीत. मला चेष्टा सुचली. पाटीवर लिहिलं: रोमन पुलाला आपलं पंचांग लागत नाही. ते रागावले नाहीत. "बरं," म्हणाले आणि पंचांग मिटून घेऊन गेले. स्टाफरूममध्ये सगळे हसले. मौनात असूनही जीभ शाबूत आहे म्हणायची.

तुंगाला घरी येऊन हा किस्सा लिहून दाखवला. तिने वाचला, पाटी परत दिली. "चांगलं लिहिलंय," म्हणाली. पूर्वी हसली असती.

बुधवार, ३ डिसेंबर

साचा काढला आणि कमान कोसळली तर? हे मुलांना विचारता येत नाही. ज्योतिबाला विचारलं, वसुमतीमार्फत. तो म्हणाला, "आम्ही बांधलेल्या मोरीवरनं अजून गाड्या जात्यात, मास्तर."

आज भात वाढताना तुंगाला विचारावंसं वाटलं, त्या गोष्टीचं पुढे काय झालं. पाटी घेतली, पेन्सील उचलली. 'पुढे सांग' असं लिहिलं तर तोही हुकूमच दिसेल. ठेवून दिली.

शुक्रवार, ५ डिसेंबर

सगळं क्रमाने लिहितो.

साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना इन्स्पेक्टरसाहेब आले. म्हैसूरकडचे, वयस्क, पांढरा फेटा. शामसुंदररावांनी त्यांना थेट चरापाशी आणलं. मुलं दोन्ही बाजूंना उभी, ज्योतिबा साच्याखालच्या पाचरी ठोकायला हातोडी घेऊन बसलेला. मी खूण केली. तो हलला नाही. तो भीमाचार्यांकडे पाहत होता. भीमाचार्य घड्याळाकडे. शाळेच्या घड्याळात साडेदहाचा टोला पडला.

"आज शुक्रवार," भीमाचार्य हळूच म्हणाले. "राहुकाल लागला."

मी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की कुणी दुसरा असता तर पळाला असता. साडेदहा ही वेळ सगळ्या शाळेला महिनाभर ठाऊक होती. वार सगळ्यांना ठाऊक होता. पण ज्यांनी पाहायचं त्यांना मीच पाहू दिलं नव्हतं. ज्योतिबा म्हणाला, "नव्या बांधकामाचा आधार राहुकालात काढायचा न्हाई, मास्तर. बा काढायचा न्हाई." मला वाटलं, इन्स्पेक्टर शिकले-सवरलेले, ते तरी झाडतील. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, बघितलं आणि मान डोलावली. "हन्नेरडु गंटे तनका बेड," म्हणाले. बारापर्यंत नको. मग हसून मराठी-कन्नड मिसळून म्हणाले, "दीड तास आहे. चला, तोवर मास्तरांचा पाठ बघू."

ज्यातून सुटायला साठ फूट पन्हळ बांधली, त्यातच येऊन पडलो.

ते शेवटच्या बाकावर बसले. शामसुंदरराव दारात, चेहरा पडलेला. मी टेबलापाशी उभा. पाटी घरी राहिलेली. आज बोलायचं काही कारणच नव्हतं ना! चौतीस चेहरे. अजून दहा दिवस बाकी होते. मनात आलं, एक वाक्य. फक्त कार्थेजचं पहिलं वाक्य. दरवर्षी ते पुरतं. आवाज गेला तर गेला, कपाटांशी काय बोलायचं असतं? मी छातीत श्वास भरला आणि तोंड उघडलं.

"मनाई!"

वसुमती उभी होती. "मास्तर, बोलायचं नाही. कॉन्सलची मनाई आहे."

इन्स्पेक्टर पुढे वाकले. नियमाप्रमाणे दुसऱ्या कॉन्सलला विरोध करता येतो, आणि चंद्रकांतने आजवर तिची एकही गोष्ट विरोधाविना जाऊ दिलेली नाही. तो उठला. "माझीपण मनाई," म्हणाला.

मी श्वास सोडला. खडू टेबलावर ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

पुढचा सव्वा तास मी काही केलं नाही. इन्स्पेक्टरांनी विचारलं, हे मनाई काय प्रकरण आहे? ते सांगता सांगता दोन कॉन्सल झाले, चिंचोक्यांचं मतदान झालं, मेणाच्या पाट्या निघाल्या. एका मुलीने त्यांना खिळा देऊन नाव लिहायला लावलं आणि मग ते चपट्या टोकाने पुसून दाखवलं. ते नाराज झाले नाहीत. उताराचं गणित फळ्यावर मांडलं गेलं. चंद्रकांतने दोन सनावळ्या चुकीच्या सांगितल्या, एक तर शंभर वर्षांनी. एरवी मी पेटलो असतो. आज मला फारसं वाईट वाटलं नाही. कार्थेज कुणाला आठवलंही नाही.

बाराचे ठोके ज्योतिबाने स्वतः दिले आणि तो लंगडत चराकडे आला. तीन ठोक्यांत पाचरी निघाल्या. साचा बोटभर खाली बसला आणि वरची कमान जागेवर राहिली. त्याने साचा ओढून काढला. कमान उभी. मग तो विहिरीवर गेला, बादली ओतली. पाणी एवढं सावकाश आलं की वाटलं, उतार चुकला. चिंचेचं एक पान पुढे घेऊन ते कमानीवरून गेलं आणि टाकीत पडू लागलं. मुलं ओरडली. मी ओरडलो नाही, पण डोळे भरून आले, ते लपवलेही नाहीत.

इन्स्पेक्टरांनी विचारलं, "हे कुणी शिकवलं?" चौतीस हात ज्योतिबाकडे गेले. मला टोचलं. जरा वेळाने टोचायचं थांबलं, कारण ते खरंच होतं.

जाताना ते माझ्यापाशी थांबले. "मातु बेड, मेष्ट्रे," म्हणाले. बोलायची गरज नाही, मास्तर. हा शेरा की सांत्वन, ते मला अजून नक्की कळलेलं नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

काल बसवनगुडीची भुईमुगाची जत्रा झाली. मुलांनी आज शेंगा आणून टेबलावर ओतल्या. शेरा आला. शामसुंदररावांनी मला बोलावून खुर्ची दिली. "वर्ग तुमचाच," म्हणाले. भीमाचार्यांना मी पाटीवर लिहून दाखवलं: माझं चुकलं. ते म्हणाले, "मंगळवारी तीन ते साडेचार राहुकाल असतो. तुम्ही अडीचला माफी मागितलीत, म्हणून चालेल."

मधल्या सुट्टीत ज्योतिबा आपल्या स्टुलावर बसून शेंगा सोलत होता. त्याला असा निवांत बसलेला मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता.

सोमवार, १५ डिसेंबर

डॉक्टरांनी आरसा घातला, 'आ' म्हणायला लावलं. गाठी गेल्या. "पण गिरणीपर्यंत पोचणारा आवाज विसरा," म्हणाले. "एका खोलीपुरता आहे, जपून वापरा. पहिलं वाक्य घरी जाऊन बोला." 'आ' हा शब्द धरत नाहीत, तेव्हा पहिलं वाक्य अजून शिल्लक होतं.

चार महिने मी त्या वाक्याचा विचार करतो आहे. वर्गात म्हणायचं म्हणून तीन वेगवेगळी वाक्यं तयार होती. बसमध्ये ती तिन्ही आठवून पाहिली. तिन्हींत रोम होता.

घरी तुंगा भिजवलेले पावटे सोलत बसली होती. बोटांत दाबायचा, दाणा परातीत, साल बाजूला. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि पावटे दाबू लागलो. माझे दाणे उडून लांब पडायला लागले. तिचे हात मंदावले.

"पाटी घेतलीस," मी म्हणालो. आवाज कुणा दुसऱ्याचा वाटला, घोगरा आणि लहान. "आणि? पुढे काय केलंस?"

तिने पुढचा पावटा उचलला, दाबला. मला वाटलं, उशीर झाला.

"बाबा त्या मास्तरांना म्हणाले, बेळगाव कशाला? बेंगळूरचं स्थळ आलंय. नवरा मुलगा मास्तर आहे. राहिलेलं तो शिकवील." तिने साल बाजूला टाकली. "मला खरंच वाटलं हो. मग पाटी घेतली आणि लग्नाच्या ट्रंकेत तळाशी घातली, शालूत गुंडाळून. इथं आल्यावर तुम्ही ट्रंक उघडलीत. म्हणालात, ही कशाला आणलीस? आणि माठावर झाकण ठेवलीत. चांगली बसली बघा. तीन वर्षं होती, मग तडकली."

मला आठवत नाही. अजूनही आठवत नाही. सगळ्या सनावळ्या तोंडपाठ असलेल्या माणसाला हे एवढं आठवत नाही. दिलगिरीचे शब्द जुळवायला गेलो तर एकही धड सापडेना, आणि आवाज तर होता.

"औटकी," मी म्हणालो. "मला शिकव."

"अय्यो, आत्ता? हात बघा माझे."

मी उठून खुंटीवरची पाटी काढली. तांबड्या चौकटीची, नाद पाहून आणलेली. आता मला तिचं काम नव्हतं. तिच्यापुढे धरली. तिने लुगड्याला हात पुसले, पाटी मांडीवर घेतली आणि पदराने पुसून काढली, एकदा, दोनदा, कोपऱ्यांपर्यंत. पाटी कोरीच होती.